चोकवर चालते, चोक काढला की बंद पडते: कार्बोरेटरचे तुमचे अनुभव

किक मारली की गाडी सुरू होते, दोन क्षण धुगधुगते आणि बंद पडते. अ‍ॅक्सिलरेटर पिळून धरला तर तग धरते, सोडला की गप्प. कार्बोरेटरच्या गाड्या चालवणाऱ्या बहुतेकांनी हे भोगलं आहे, आणि प्रत्येकाचं कारण वेगळं निघालं आहे. म्हणून हे अनुभव एकत्र करायचे आहेत. खाली प्रत्येक चांदणीनंतर वेगळ्या माणसाचा अनुभव आहे.

पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवा आणि १ भाग पेट्रोल लागतं. हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरकडे हे प्रमाण राखायला काही बारीक भोकं (म्हणजे जेट), एक सुई आणि आतल्या पेट्रोलची पातळी राखणारा एक फ्लोट एवढंच असतं. स्लोवर (म्हणजे गाडी नुसती चालू ठेवल्यावर) आणि थोड्याशा अ‍ॅक्सिलरेटरवर पायलट जेटचं काम, मधल्या टप्प्यात सुईचं, पूर्ण उघडल्यावर मेन जेटचं. त्यामुळे गाडी कुठल्या टप्प्यावर मरते त्यावरून अर्धं निदान होतं. ‘कार्बोरेटर साफ केला, गाडी सुरू झाली’ एवढंच लिहू नका. इंजिन गार होतं की तापलेलं, चोक (सुरू करताना मिश्रण दाट करणारी कळ) लागत होता का, प्लगचा रंग कसा होता, तेही लिहा. पुढच्याला उपयोग त्याचाच होतो.

*

माझी एका सिलिंडरची फोर स्ट्रोक बरेच महिने झाकून उभी होती, टाकीत पेट्रोल तसंच. बाहेर काढली तर चोकवर लगेच सुरू झाली आणि चोकवर हवी तितकी चालायची. चोक बंद केला की संपलं. चोकमुळे मिश्रण दाट होतं, म्हणजे एरवी पेट्रोल कमी पडत होतं. आणि ते फक्त स्लोवर, कारण अर्ध्या अ‍ॅक्सिलरेटरच्या पुढे इंजिन व्यवस्थित ओढत होतं. संशय सरळ पायलट जेटवर गेला.

फ्लोट चेंबर, म्हणजे कार्बोरेटरच्या तळाची पेट्रोलची वाटी, उघडलं तर तळाशी पिवळट चिकट थर. वास पेट्रोलचा नव्हे, वॉर्निशचा. मेन जेट उजेडाकडे धरला तर आरपार दिसलं. पायलट जेटमधून काहीच नाही. त्याचं भोक सहसा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान, पेट्रोल उडून गेल्यावर मागे राहिलेली राळ ते सहज बुजवते. जेट रात्रभर कार्ब क्लीनरमध्ये भिजवला, मग वायरमधली तांब्याची एक मऊ तार हलकेच आत-बाहेर केली. पोलादी तार किंवा सुई कृपा करून घालू नका. जेट पितळेचा असतो, भोक मोठं झालं की प्रमाण कायमचं बिघडतं.

बरेच जण इथेच थांबतात आणि गाडी पुन्हा तशीच वागते. पायलट जेटमधलं पेट्रोल पुढे कार्बोरेटरच्या अंगातल्या ज्या वाटेने जातं, तीही तितकीच बुजलेली असू शकते. जेटच्या जागी स्प्रेची नळी टेकवून दाबा, थ्रॉटलजवळच्या चिमुकल्या भोकातून फवारा यायला हवा. माझ्याकडे आधी नुसती ओल आली, मग एक तपकिरी थेंब, आणि मग एकदम स्वच्छ धार. डोळ्यांवर चष्मा हवाच, ती धार कुठे उडेल सांगता येत नाही. आणि स्प्रे मारण्याआधी रबराचे सगळे भाग काढून ठेवा, क्लीनरने ते फुगतात. सगळं जोडल्यावर गाडी चोकशिवाय स्लोवर उभी राहिली.

*

माझी गाडी सुरुवातीला झकास चालायची, काही किलोमीटरनंतर आचके देऊन बंद. थोडं थांबलं की परत सुरू. एकदा बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण उघडलं तर ‘स्सस्’ करून हवा आत गेली. झाकणातलं हवेचं छिद्र धुळीने बुजलं होतं. टाकीत पोकळी तयार व्हायची आणि पेट्रोल खाली उतरायचंच नाही.

*

वरच्या अनुभवाला जोडून सांगतो. जेटला हात लावण्याआधी फ्लोट चेंबरच्या खालचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल बाटलीत येऊ द्या. धार सलग राहते का, की काही वेळाने थेंबांवर येते, ते बघा. तळाला पाण्याचे गोळे दिसले तर तेही कळतं. हे काम उघड्यावर करा, इंजिन गार असताना.

*

माझ्या गाडीचा त्रास उलटाच. गार असताना स्लोवर टिकायची नाही. तापल्यावर मात्र अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी आरपीएम वरच लटकायचा आणि सावकाश उतरायचा. प्लग पांढुरका. म्हणजे कुठून तरी जास्तीची हवा शिरत होती. इंजिन चालू ठेवून मी कार्बोरेटर आणि इंजिनमधल्या रबरी मॅनिफोल्डवर पाण्याचा बारीक फवारा मारला, तर आवाज लगेच बदलला. वरून धडधाकट दिसणाऱ्या त्या रबराला खालच्या अंगाने चीर होती, वाकवल्यावरच दिसली मला. हीच तपासणी काही जण कार्ब क्लीनरने करतात. शेजारी तापलेला सायलेन्सर असतो, आग लागू शकते. पाणीच बरं.

*

स्क्रूबद्दल लिहितो, कारण यावरून फार गोंधळ होतो. मिश्रणाचा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो सहसा हवेचा: बाहेर काढला की मिश्रण पातळ. इंजिनच्या बाजूला असेल तर सहसा पेट्रोलचा: बाहेर काढला की दाट. आपल्याकडे कुठला आहे हे न बघता फिरवलं तर दिवसभर उलट्या दिशेने जाल. फिरवण्याआधी हलक्या हाताने पूर्ण आत घेऊन किती फेरे बसले ते लिहून ठेवा. जोर लावलात तर टोक चेपतं.

*

फ्लोटची सुई (आत येणारं पेट्रोल थांबवणारी, मधल्या टप्प्याची ती वेगळी) अडकून ओव्हरफ्लो होत असेल आणि पेट्रोल कॉक, म्हणजे टाकीचा नळ, रात्रभर उघडा राहिला असेल, तर किक मारण्याआधी इंजिन ऑइल बघा. माझ्या गाडीत ऑइलची पातळी चक्क वाढलेली होती आणि त्याला पेट्रोलचा वास येत होता. असं पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. मी ते आधी बदललं, सुई आणि तिची सीट नंतर.

*

ओलसर थंडीत, बाहेर ५-१० अंश असताना, एकसारख्या वेगाने जाताना गाडी गुदमरून बंद पडायची. पाचेक मिनिटं उभी केली की काहीच झालं नसल्यासारखी सुरू. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना तिथलं तापमान आणखी उतरतं आणि हवेतल्या बाष्पाचा बर्फ आतच धरतो. इंजिनच्या उष्णतेने तो वितळला की पुरावा शिल्लक राहत नाही! काही गाड्यांना यासाठी कार्बोरेटर हीटर दिलेला असतो. माझ्या गाडीचा बंद होता, बदलल्यावर त्रास गेला.

*

माझ्या बाबतीत कार्बोरेटर निर्दोष निघाला. गार असताना छान, पूर्ण तापली की स्लोवर बंद, आणि लगेच किकला दाद नाही. नवा कार्बोरेटर टाका, असं मला सांगण्यात आलं होतं. पण चोकने काही फरक पडत नव्हता, प्लगचा रंगही विटकरी, म्हणजे मिश्रण ठीक. टॅपेट (व्हॉल्व्हजवळची फट) तपासायला उघडले तर एक्झॉस्टच्या बाजूला सर्वांत पातळ फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पट्टीसुद्धा शिरेना. तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नव्हता आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) निसटत होतं. मॅन्युअलमध्ये दिलेला गॅप इंजिन गार असताना ठेवला. आता तापल्यावरही स्लोवर टिकते.