बायपासने ब्लॉकेज निघत नाही
बऱ्याच जणांना वाटतं की बायपासमध्ये हृदयाच्या धमनीतलं ब्लॉकेज, म्हणजे मेद साचून झालेला अडथळा, काढून टाकतात, म्हणजे रोगच संपला. तसं नाही हो. ब्लॉकेज जिथल्या तिथेच राहतं. त्याच्या पुढे रक्त पोचवायला दुसरी वाट काढून देतात, इतकंच.

ही वाट कशाची केली आहे यावर बरंच अवलंबून असतं. छातीच्या आतली डावी धमनी वरच्या टोकाला तशीच जोडलेली ठेवून खालचं टोक सोडवतात आणि हृदयाच्या पुढच्या मुख्य धमनीला शिवतात. हृदयाची ही धमनी जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची, शिवायचा धागा केसाइतका बारीक! हा ग्राफ्ट (जोडलेली नवी वाट) बहुतेकांत १० वर्षांनंतरही चालू असतो. पायाची शीर मात्र उलटी करून लावावी लागते, कारण तिच्यातल्या झडपा रक्त एकाच दिशेने जाऊ देतात. धमनीचा दाब सोसायची तिला सवय नसते, त्यामुळे १० वर्षांत अशा शिरांपैकी निम्म्याच्या आसपास बंद पडतात. म्हणून 'किती ग्राफ्ट?' याच्या जोडीला 'कशाचे?' हेही सर्जनला विचाराच.

स्टेंट (धमनी आतून उघडी ठेवणारी जाळीची नळी) की बायपास, या वादात मधुमेह विसरू नका. मधुमेह आणि एकापेक्षा जास्त धमन्यांत ब्लॉकेज असेल तर बायपासने जास्त लोक जगतात, असं २०१२ च्या फ्रीडम नावाच्या वैद्यकीय चाचणीत दिसलं. पक्षाघाताचा धोका मात्र बायपासमध्ये जास्त होता, तोही धरायला हवा.

आणि ऑपरेशननंतर रक्ताच्या गुठळ्या रोखणारं अ‍ॅस्पिरिन, कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन परस्पर बंद करणारे महाभाग असतातच. पण नव्या शिरेतही तोच मेद साचतो.