मदत हवी आहे: मालिकेच्या संवादलेखनाचा करार, सही करण्याआधी

नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण संवाद लिहिते. आता एका मालिकेचं काम आलंय, शूटिंग इथेच कोल्हापूरच्या चित्रनगरीत. करार हातात पडलाय आणि येत्या सोमवारपर्यंत सही मागितलीय.

दोन कलमं खटकतायत. एक, 'लेखक रॉयल्टीवरचा हक्क कायमचा सोडत आहे.' दुसरं, श्रेयनामावलीत नाव द्यायचं की नाही हे निर्माता ठरवणार. रात्री अकराला सीन बदलून मागायचा, सकाळी सातला तो सेटवर हवा, आणि नाव मात्र मर्जीवर! हे मला पटत नाही.

माझ्या वाचनाप्रमाणे 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर लेखकाला रॉयल्टीतला आपला वाटा असा लिहून देता येत नाही. मग हे कलम टाकतात कशाला? नवीन माणूस घाबरून सही करतो म्हणूनच ना? 2023 मध्ये अमेरिकेतले लेखक 148 दिवस संपावर राहिले, पण त्यांच्यामागे भक्कम संघटना होती. इथे ही पोरगी एकटी बोलणार.

तुमच्यापैकी कुणी असं कलम काढून घेतलंय का? नेमकं काय बोललात? मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं किंवा 'मानाचि'चं (मालिका, नाटक, चित्रपट लेखकांची संघटना) सभासदत्व कोल्हापुरात राहून घेतलं तर वादाच्या वेळी खरंच उपयोग होतो का? चित्रपट महामंडळ मालिकालेखकांच्या तक्रारी घेतं का? आणि कोल्हापुरात कॉपीराइट जाणणारे वकील माहीत असतील तर कृपया मेसेज करा, फी देऊ.

काम तिला करायचंच आहे, त्यामुळे 'सोडून दे' एवढा सल्ला नको.