मदत हवी आहे: भाचीला सुई टोचली, इंजेक्शन इंदुरात कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरचे, रामबागेत राहतो. माझी भाची एका खासगी नर्सिंग होममध्ये सिस्टर आहे. काल रात्रपाळीत पेशंटचं रक्त काढल्यावर सुईला टोपण परत लावताना सुई हातमोज्यातून थेट अंगठ्यात गेली. टोपण लावू नये हे तिला पक्कं माहीत आहे हो, पण सुया टाकायचा पांढरा डबा काठोकाठ भरलेला होता. वर तिलाच ऐकवलं, "नीट बघून काम करत जा."

तिने लगेच साबण-पाण्याने हात धुतला. पहाटे रडवेली होऊन घरी आली, तशी आम्ही तडक एम. वाय. हॉस्पिटलला नेली. पेशंटचा एचआयव्हीचा रिपोर्ट यायचाय, म्हणून 28 दिवसांच्या गोळ्या सुरू केल्यात. त्या 72 तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात.

खरा घोर हिपॅटायटिस बीचा. पेशंट पॉझिटिव्ह आहे आणि भाचीचा लसीचा एकच डोस झालाय. 2016च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे ही लस दवाखान्याने द्यायची असते. तिने तो डोसही स्वतःच्या पैशाने घेतला.

डॉक्टरांनी हिपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडीजचं इंजेक्शन) लिहून दिलंय, शक्यतो 24 तासांत घ्यायचं. दोन मेडिकलवाल्यांनी नाही म्हटलं. कुठे मिळेल, कृपया लगेच सांगा.

आणि कुणी सिस्टर, ब्रदर असाल तर हेही सांगा: या अपघाताची लेखी नोंद मॅनेजमेंटकडून कशी करून घेतलीत? पोरगी नोकरीच्या भीतीने अर्ज द्यायला तयार नाही.