पोळ्याच्या फोटोवरची माझी टिप्पणी कुठे चुकली?

प्रश्न: शिक्षक, वणी तालुका

नमस्कार मंडळी,

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यात शिक्षक आहे आणि गेली सात वर्षे हौसेने फोटो काढतो. आसपासच्या आठ-दहा गावांतील हौशी मंडळींचा आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात शेतकरी आहेत, कृषी केंद्र चालवणारे आहेत, कॉलेजची मुले आहेत आणि बहुतेकांजवळ मोबाईलशिवाय दुसरा कॅमेरा नाही. कोणी फोटो टाकला की खाली "एक नंबर भाऊ", "जबरदस्त" यांची रांग लागते. अशा कौतुकाने कोणाचाही फोटो सुधारत नाही, असे मला मनापासून वाटत होते, म्हणून यंदा मी खरे तेच लिहायचे ठरवले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ग्रुपमधल्या बारावी झालेल्या एका मुलाने आपल्या बैलाचा फोटो टाकला. पांढरा बैल, रंगवलेली शिंगे, कपाळाला बाशिंग, पाठीवर झूल, मागे तोरणाचा एक कोपरा आणि डाव्या कडेतून आत आलेला, बैलाच्या खांद्यावर टेकलेला एक हात. मी त्याखाली चार दोष लिहिले. पांढरा बैल मातकट, राखाडी दिसतो आहे. विजेचा खांब शिंगातूनच उगवल्यासारखा वाटतो. पुढचा पाय नेमका गुडघ्यात कापला गेला आहे. आणि डावीकडचा तो हात विनाकारण मध्ये आला आहे, तेवढा भाग कापून टाकावा. यातला एकही दोष मी खोटा किंवा खुन्नस काढण्यासाठी लिहिला नव्हता.

त्या मुलाने तासाभरात फोटो काढून टाकला आणि त्यानंतर त्याने ग्रुपवर काहीच टाकलेले नाही. पंधरा दिवसांनी मला दुसऱ्याकडून कळले की पोळा झाल्यावर त्यांनी ती जोडी विकली आणि फोटोतला तो हात त्याच्या वडिलांचा होता.

तेव्हापासून मी कोणाच्याच फोटोवर काही लिहिलेले नाही, आणि हेही मला बरोबर वाटत नाही. दोष दिसत असताना "छान" लिहिणे म्हणजे समोरच्याला शिकण्यापासून वंचित ठेवणे आहे. मग अभिप्राय द्यावा तरी कसा? आणि स्वतःच्या फोटोवर आलेला अभिप्राय मनाला न लावता घ्यावा कसा? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर: निवृत्त चित्रकला शिक्षक, आर्वी

सर, आपण प्रामाणिकपणे लिहिले आहे, म्हणून मीही मोकळेपणाने लिहितो. आपले पहिले तीन दोष बरोबर आहेत आणि चौथा साफ चुकला आहे. मात्र त्या मुलाला लागला असेल तो चौथाच, आणि त्यामुळे पहिल्या तीनांचाही त्याला काही उपयोग झाला नाही.

तो हात कुठे होता, हे आपणच लिहिले आहे: बैलाच्या खांद्यावर. जू ज्या ठिकाणी वर्षभर टेकते, पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणीला ज्या जागेला हळद आणि तूप लावून आपण "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" म्हणतो, तीच ती जागा. हात शिंगावर नाही, वेसणीवर नाही, खांद्यावर आहे. जोडी विकली जाणार हे ठाऊक नसलेल्या माणसालाही, थोडा वेळ थांबून पाहिले असते, तर हा फोटो सजवलेल्या बैलाचा नसून या हाताचा आहे, असा संशय आला असता. मी शाळेत असताना मुलांच्या चित्रावर पेन्सिल टेकवण्याआधी "हे काय काढले आहेस, मला सांग" असे विचारत असे, आणि ही सवय मला फार उशिरा, बऱ्याच मुलांची चित्रे माझ्या मनाप्रमाणे दुरुस्त करून झाल्यावर लागली. फोटोच्या बाबतीत हा प्रश्न चित्रापेक्षाही जास्त गरजेचा आहे. चित्रातली प्रत्येक वस्तू काढणाऱ्याने हाताने काढलेली असते, तर फोटोमध्ये काही गोष्टी मुद्दाम घेतलेल्या असतात आणि काही आपोआप आलेल्या असतात. यातले मुद्दाम काय आणि आपोआप काय, हे पाहणाऱ्याला बाहेरून नेहमी कळत नाही. खांब आपोआप आला होता, हात मुद्दाम घेतला होता, आणि आपण दोघांनाही एकाच मापाने मोजले.

आता समजा आपण आधी विचारले असते आणि त्याने "बाबा आणि बैल" असे सांगितले असते. मग तेच दोष कसे वेगळे झाले असते पाहा. हात फार कडेला गेल्यामुळे तो चुकून आल्यासारखा वाटतो, म्हणून कॅमेरा थोडा डावीकडे वळवून मनगटाच्या जागी कोपरापर्यंतचा हात घ्यायला हवा होता. डावीकडे एक पाऊल सरकून उभे राहिले असते तर खांब शिंगामागून बाजूला झाला असता. पाय दाखवायचाच नसेल तर तो गुडघ्यात न कापता बराच वर कापावा, कारण सांध्यावर कापलेले अंग तुटल्यासारखे दिसते. सूचना जवळपास त्याच आहेत, पण आता त्या त्याच्या फोटोच्या बाजूने आहेत.

आपल्या ग्रुपमध्ये "तृतीयांशाचा नियम पाळला नाही", म्हणजे विषय मध्यभागी न ठेवता चौकटीच्या एक-तृतीयांशावर ठेवला नाही, असे लिहिणारेही कोणी असतीलच, म्हणून थोडे विषयांतर करतो. हा नियम १७९७ मध्ये जॉन थॉमस स्मिथ या इंग्लिश चित्रकाराने निसर्गचित्रांविषयी लिहिताना मांडला. चित्रात जमीन किती आणि आकाश किती, उजेड किती आणि सावली किती, हे अर्धे-अर्धे न करता एकास दोन या प्रमाणात ठेवावे, असा त्याचा विचार होता. तेव्हा छायाचित्रणाचा जन्मही झालेला नव्हता. नियम उपयोगी आहे, मी तो मुलांना शिकवलेला आहे, पण फोटो नापास करण्यासाठी तो वापरू नये. "विषय मध्यभागी असल्यामुळे माझी नजर तिथेच अडकली, बाकीच्या फोटोकडे गेलीच नाही" असे लिहिले तर घेणाऱ्याला काहीतरी मिळते. "नियम मोडला" एवढ्याने काहीच मिळत नाही.

उत्तर: लग्नाचे फोटो काढणारा, दारव्हा

गुरुजींनी मांडणीविषयी लिहिले, मी उजेडाविषयी लिहितो, कारण राखाडी बैल हा दोष त्या मुलाचा नाहीच, आणि ही गोष्ट त्याला कोणीतरी सांगायला हवी होती.

कॅमेऱ्याचे उजेड मोजणारे मीटर समोरचे दृश्य मध्यम राखाडी आहे असे धरून चालते. हे गृहीतक साधारण १८ टक्के प्रकाश परत फेकणाऱ्या राखाडी रंगाचे आहे. समोर सगळे पांढरेच असेल, तर कॅमेऱ्याला वाटते की उजेड जास्त झाला, आणि तो फोटो काळवंडतो. काळी म्हैस पूर्ण चौकट भरून असेल तर नेमके उलटे होते आणि ती धुरकट दिसते. आपल्या भागात हा घोटाळा पदोपदी होतो: फुटलेल्या कापसाच्या शेतात, पांढऱ्या धोतर-टोपीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या फोटोत, लग्नात नवरदेवाच्या पांढऱ्या कपड्यांत. उपाय सोपा आहे. मोबाईलमध्ये बैलावर बोट टेकवावे, सूर्यासारखी खूण दिसते ती वर सरकवावी आणि अंगावरचे केस दिसेनासे होण्याआधी थांबावे. मोठ्या कॅमेऱ्यात एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (उजेड कमी-जास्त करण्याची सोय) अधिक दोन-तृतीयांश ते अधिक एक ठेवावे.

"बैल मातकट दिसतो" असे म्हटल्यावर मुलाला वाटते की आपल्याला फोटो येत नाही किंवा आपला मोबाईल हलका आहे. "पांढऱ्या बैलाला कॅमेरा फसतो, उजेड थोडा वाढव" असे म्हटल्यावर तो पुढच्या वेळी बोट वर सरकवतो. माझ्या दृष्टीने चांगल्या अभिप्रायाची खूण ही की तो वाचून दुसऱ्या दिवशी हाताने काही वेगळे करता आले पाहिजे.

अभिप्राय घेण्याविषयीही सांगतो. काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेत मी कापूस वेचणाऱ्या बायांचा फोटो पाठवला होता. परीक्षकांनी सर्वांसमोर "यात नवीन काय आहे" एवढेच म्हटले आणि पुढचा फोटो घेतला. मी वर्षभर हौसेसाठी कॅमेरा बाहेर काढला नाही, लग्नांपुरताच वापरला. नंतर तोच फोटो मी त्यातल्याच एका काकूंना दाखवला. त्या म्हणाल्या, "आमची ओटी तर रिकामीच दिसते, वेचणं आता सुरू झाल्यावानी." त्यांचे खरे होते. मी सकाळी दव ओसरल्याबरोबर, उजेड कोवळा म्हणून, पहिल्याच तासात फोटो काढून निघून आलो होतो. पोटाशी बांधलेली ओटी कापसाने फुगते, चालताना कंबर मागे झुकते, हे सगळे दुपारी दिसते, आणि मी दुपारचे ऊन टाळले होते. पुढच्या हंगामात मी दिवसभर थांबलो. परीक्षकांच्या वाक्याने माझे जे नुकसान झाले ते झाले, पण काकूंच्या एका वाक्याने मला माझ्या कामातली उणीव दाखवली, आणि त्यांना कॅमेऱ्यातले काहीही कळत नव्हते. म्हणून माझी विनंती आहे की अभिप्राय केवळ फोटो काढणाऱ्यांकडून घेऊ नये, ज्यांचा फोटो आहे त्यांच्याकडूनही घ्यावा.

त्यानंतर मी दोन सवयी लावून घेतल्या आहेत. फोटो काढल्यावर निदान आठवडाभर तो कोणालाही दाखवत नाही, कारण ताज्या फोटोत आपल्याला फोटो दिसत नाही, तो काढतानाचा आनंदच दिसत राहतो. आणि "कसा वाटला?" असे न विचारता एकच नेमका प्रश्न विचारतो, उदाहरणार्थ "मागच्या बाईकडे लक्ष जाते का?" प्रश्न नेमका असला की उत्तरही नेमके येते आणि मनाला कमी लागते.

आणखी एक. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलेल्या फोटोचा आकार आणि दर्जा कमी होतो. त्यावरून "फोकस हलला आहे", "दाणे दिसतात" (म्हणजे फोटो खरखरीत आहे) असे ठरवू नये. तसा अभिप्राय द्यायचा असेल तर फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवावा. भर उन्हात शेतात उभे राहून मोबाईलच्या पडद्यावर दुसऱ्याचा फोटो तपासू नये, कारण तिथे प्रत्येक फोटो काळाच दिसतो.

उत्तर: पक्षीनिरीक्षक, गोंदिया जिल्हा

दादांनी डॉक्युमेंट म्हणून पाठवण्याविषयी लिहिले आहे, त्यात एक सावधगिरी जोडते. तसे पाठवल्यावर फोटोसोबतची माहिती शाबूत राहते आणि मोबाईलचे लोकेशन चालू असेल तर तिच्यात जागाही असते. आमच्याकडे धानाच्या बांध्यांमध्ये आणि तलावांच्या काठी सारस घरटी करतात. महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः गोंदिया, भंडारा आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतच उरले आहेत. घरट्याची जागा एका ग्रुपमधून दुसऱ्या ग्रुपमध्ये गेली की माणसांची रीघ लागते.

म्हणून घरट्याजवळ जाऊन काढलेल्या फोटोवर मी मांडणीविषयी किंवा उजेडाविषयी एक शब्दही लिहीत नाही, तो कितीही देखणा असला तरी. मी त्या व्यक्तीला खासगीत विचारते, की आपण किती अंतरावर होता आणि पक्षी उठला का. यावर काही जण रागावतात, पण येथे मी मवाळ होणार नाही. कौतुक केले की पुढच्या पावसाळ्यात आणखी चौघे तिथे जातात.

इतर सर्व फोटोंबाबत मात्र मला खासगी अभिप्राय पटत नाही. दोष खासगीत आणि कौतुक सर्वांसमोर अशी पद्धत ठेवली तर ग्रुपमधले बाकीचे काहीच शिकत नाहीत. मी स्वतः दुसऱ्यांच्या फोटोंवरच्या चर्चा वाचूनच शिकले. फक्त फोटो टाकणाऱ्याने आधी "सविस्तर मत हवे आहे" असे लिहिलेले असावे. ज्याने तसे लिहिले नाही, त्याने तो फोटो आनंदासाठी टाकला आहे असे समजावे, आणि त्यालाही ग्रुपमध्ये जागा असावी.

प्रश्नकर्ता: शिक्षक, वणी तालुका

सर्वांचे मनापासून आभार. गुरुजींचे उत्तर वाचल्यावर मी रविवारी त्या मुलाच्या घरी गेलो. ग्रुपवर सर्वांसमोर लिहिले होते म्हणून माफी ग्रुपवरच मागितली, पण आधी त्याला भेटलो. त्याने मूळ फोटो मोबाईलमध्ये जपून ठेवला होता. मोठा करून पाहिला तेव्हा वडिलांच्या नखांच्या कडांना हळदीचा पिवळेपणा स्पष्ट दिसत होता, आणि ग्रुपवरच्या लहान फोटोत तो मला दिसलाच नव्हता. मी त्याला खांबाविषयी आणि पांढऱ्या रंगाविषयी सांगितले. त्याने लगेच गोठ्याच्या पांढऱ्या भिंतीवर बोट सरकवून पाहिले.

निघताना त्याने एक नवीन फोटो दाखवला आणि तो येथे टाकण्याची परवानगी दिली. रिकामा गोठा आहे, उजवीकडे खुंटीला झूल टांगलेली आहे आणि दावणीपाशी जमीन खुरांनी खोलगट झालेली आहे. त्याचा प्रश्न त्याच्याच शब्दांत देतो: "डावीकडची जागा मी मुद्दाम मोकळी ठेवली. ती रिकामी वाटते का, की नुसतीच अंधारी?"

उत्तर: लग्नाचे फोटो काढणारा, दारव्हा

भाऊ, फोटो घरात बसून, पडद्याचा उजेड पूर्ण ठेवून दोनदा पाहिला. सध्या ती जागा अंधारी वाटते, कारण तिथे डोळ्याला धरायला काहीच नाही. जमिनीतले खोलगट खड्डे पाहूनच मला जोडी आठवली, आणि ते खड्डे अंधारात अर्धे बुडाले आहेत. झूल मात्र अगदी जिथे आहे तिथेच असू द्यावी. दार पूर्वेला असेल तर सकाळी सातच्या सुमारास ते उघडून उजेड जमिनीवर तिरपा येईल असे पाहावे, मोबाईल गुडघ्याच्या उंचीवर धरावा आणि तोच फोटो पुन्हा काढावा आणि येथे टाकावा. मी वाट पाहतो.