मिनीमूग समजायचा तर मुक्तस्रोत नक्कल पुरते का?

धागाकर्ता
महिनाभर लिनक्सवर ब्रिस्टॉल वाजवतोय. मिनीमूग, प्रॉफेट-५, ओबेरहाइम ओबी-एक्स, हॅमंड, अशा कितीतरी जुन्या वाद्यांच्या नकला या एका मुक्तस्रोत सॉफ्टवेअर सिंथेसायझरमध्ये (विजेवर सूर घडवणाऱ्या वाद्याचं संगणकी रूप) आहेत. माझं मत ठाम आहे: १९७० चा मिनीमूग हा सिंथेसायझर ज्याला आतून समजून घ्यायचाय, त्याने विकतच्या, कोड न दाखवणाऱ्या बंद प्लगइनआधी हे उघडावं. मूगच्या लॅडर फिल्टरला (कटऑफ या ठरवलेल्या मर्यादेच्या वरचे स्वर कापणारा भाग) चार पायऱ्या, दर पायरी सप्तकामागे ६ डेसिबल कापते, एकूण २४. एवढं पाठ होतं. पण रेझोनन्स (फिल्टरमधून निघालेला आवाज किती परत आत सोडायचा ते) चढवला की फिल्टर स्वतःच शिट्टी का वाजवायला लागतो, ते कोड वाचल्यावर उमगलं. कटऑफपाशी प्रत्येक पायरी लहरीला ४५ अंश मागे ढकलते. चौथीपर्यंत १८० होतात. ती लहर उलटी करून पहिल्या पायरीत सोडली की मूळ लहरीला बरोबर जुळते आणि वाढत जाते.

प्रतिसाद १
गणित मान्य, पण ते वाद्य नव्हे. खऱ्या मिनीमूगचे तीन ऑसिलेटर (मूळ सूर काढणारे भाग) तापले की जरा जरा सरकतात. तिन्ही एका सुरात लावा, थोड्या वेळाने त्यांच्यात संथ लाटा उठतात. त्यासाठीच लोक ती जुनी पेटी जिवापाड जपतात. शिवाय डावा हात कटऑफवर, उजवा पट्ट्यांवर, हे माउसने कसं जमणार?

प्रतिसाद २
माझी अडचण साधी आहे. बफर (संगणक एका दमात आवाजाचे किती नमुने तयार करतो ते) १०२४ वर होता, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झला, सेकंदाला ४४,१०० नमुने धरून, २३ मिलिसेकंद उशीर. पट्टी आधी, सूर मागून. द्रुत तान घेताच येईना. बफर खाली आणला तर माझ्या जुन्या लॅपटॉपवर आवाज तुटतो. नवख्याने यात रविवार का घालवावा?

धागाकर्ता
२५६ वर या, उशीर ६ मिलिसेकंदांवर येतो. नॉबसाठी साधा मिडी कंट्रोलर (संगणकाला जोडायची, हाताने फिरवायच्या नॉबची फळी) जोडता येतो. आणि सुराच्या सरकण्याचं म्हणाल, तर ब्रिस्टॉलमध्ये डिट्यून हा पर्याय तापमानाच्या परिणामासाठीच आहे. मुळात तो शून्यावर असतो, म्हणून सूर गोठल्यासारखे वाटतात. मूगच्या फिल्टरमधला ट्रान्झिस्टर आवाज कसा दाबतो, त्याचं गणित आंटी हुओविलाइनेन या संशोधकाने २००४ मध्ये खुलेपणाने मांडलं, म्हणून ते कुणालाही वापरता आलं. बंद पेटीत हे शिकायला मिळत नाही.

प्रतिसाद १
डिट्यून माहीत नव्हता, आज रात्री लावून ऐकतो. पण शिकायला कोड आणि वाजवायला पेटी, हे माझं म्हणणं कायम आहे. तुम्ही वाद्य समजण्याबद्दल बोलताय, मी ते हाताखाली असण्याबद्दल.