समजून घेण्याची धडपड
दुसऱ्याच्या मनातले अचूक ओळखता आले तरच जवळीक वाढते, असे एक मत मांडले जाते; ते मला अर्धेच पटते. अमेरिकेतील १५६ जोडप्यांच्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जोडीदार भावना किती बरोबर ओळखतो यापेक्षा तो समजून घेण्यासाठी धडपडतो आहे असे वाटणे, याचाच नात्यातील समाधानाशी अधिक घट्ट संबंध आढळला. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन-दिवेआगरकडील सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, तेव्हा "भरपाई मिळेल हो" म्हणणाऱ्यापेक्षा, मोडलेल्या पोफळीपाशी थांबून "ही कुणी लावली होती, काका?" असे विचारणारा शेजारी बागायतदाराला अधिक जवळचा वाटला असणार. (भरपाई नकोच, असे नव्हे.) नवे रोप फळाला यायला पाच-सात वर्षे लागतात आणि तेवढा काळ त्या घराने कसा काढायचा, ही काळजी त्या साध्या प्रश्नात आपसूक ओळखलेली असते.