गावाकडं माणसं कशाकशाला जमायची? (अनुभव धागा)

ओसरीवरची
काल आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर वरच्या मजल्यावरच्या काकू कुरडया घालत होत्या. एकट्याच. मी वाळलेले कपडे काढायला गेले होते, पण चिकाचा तो वास आला आणि तिथंच बसले त्यांच्याजवळ. रात्री झोप लागेना, म्हणून हा धागा.

आमचं गाव सिन्नर तालुक्यातलं. होळी झाली की वाळवणं सुरू. आज आमच्याकडं, उद्या समोरच्या मावशींकडं, परवा मागच्या आळीत. गहू भिजत कधी घालायचा हेसुद्धा बोलून ठरायचं. तीन दिवस भिजणार, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा. दोन घरांचा चीक एकाच दिवशी निघाला तर हात कुठून आणायचे? पहाटे अंधारात अंगणातली चूल पेटायची. आधणात मीठ, हिंग. मग एकीनं चीक ओतायचा आणि दुसरीनं दांड्यानं ढवळत राहायचं, हात थांबला की गुठळी झालीच. गरम आहे तोवर सोऱ्यात भरायचा, गार झाला की दाबता दाबत नाही. ऊन चढायच्या आत खाटेवर सगळ्या कुरडया पडल्या पाहिजेत. एकटीचं काम नव्हेच ते. आम्हा पोरांना वाटीत गरम चीक, वर तेल, आणि त्या बदल्यात दिवसभर कावळे हाकायचे.

त्या चुलीपाशी बायका काय काय बोलायच्या! कुणाची लेक माहेरी येऊन का बसलीय, कुणाच्या नवऱ्यानं बैल विकून पैसे कुठं घातले. माझी आई घरात कधी बोलायची नाही. तिला काय सोसावं लागलं ते मला कुरडया घालताना कानावर पडलं तेवढंच.

काम निघालं की माणसं जमायची आणि बोलणं त्यातच व्हायचं. तुमच्याकडं कशाला जमायचे? लिहा, लहानमोठं काहीही.

गोदाकाठ
चीक तेल घालून?? आमच्याकडं दूध-गूळ. आणि चोथ्याच्या भुसवड्या विसरलात! कुरडईपेक्षा मला त्याच जास्त आवडतात, तळल्यावर.

ओसरीवरची
विसरले नाही हो, झोपेत लिहिलं. लसूण-तिखट घालून करायचो.

काकवी
कोल्हापूरकर हजर. आमच्याकडं गुऱ्हाळ. थंडीत ज्याचं गुऱ्हाळ लागलं त्याच्या रानात सगळी गल्ली. शाळा सुटली की दप्तरासकट तिकडंच. चुलवाणात चिपाडं घालणारा एक मामा होता, त्याच्या अंगाला कायम धुराचा वास. काहिलीतला रस उकळून वर येऊ लागला की गुळव्या कुणाशी बोलायचा नाही, नजर फक्त काहिलीवर. तेवढा वेळ सगळे गप्प. गूळ वाफ्यात ओतला की मग कालवा.
रस मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही, हा नियम. वाटसरू असला तरी. आजोबा म्हणायचे, गुऱ्हाळावरनं कोरड्या तोंडानं माणूस गेला तर गूळ चांगला पडत नाही. खरं-खोटं देव जाणे, पण लोटे घेऊन येणाऱ्यांची रांग असायची.

एसटीप्रवासी
काकवी, काहिलीच्या कडेला चिकटलेलं उलथन्यानं काढून खाल्लंय का? त्याच्यापुढं पेढा झक मारतो

काकवी
जीभ भाजेपर्यंत 😀

वाडीतला
आमच्या संगमेश्वराकडे गणपती. मुंबईचे चाकरमानी आले की वाडी भरते. आरती एका घरात करून भागत नाही, पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत सगळी वाडी फिरते. टाळ, मृदंग, पाऊस, चिखल, हातात बॅटरी. शेवटच्या घराला जेवायला मध्यरात्र होते तरी ते तोपर्यंत पान घेत नाहीत.
आमचं घर शेवटचं आहे. म्हणून सांगतो, त्या शेवटच्या आरतीला जो आवाज लागतो ना, तो पहिल्या घरी लागत नाही.
शिमग्याला देवाची पालखी घरी येते, ते वेगळं लिहीन. आता लोकलमध्ये उभा आहे.

निंबोणी
आमच्याकडे लातूरला वेळा अमावस्या. मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी लातूर शहरात फिरून बघा, रस्त्यावर चिटपाखरू नाही, बाजार बंद, कलेक्टर स्थानिक सुट्टी देतात. सगळं जग रानात. शेतात कडब्याची कोप करायची, आत पांडवांची पूजा, आणि मग जेवण. भज्जी, आंबील, उंडे, खिचडा, गव्हाची खीर, तिळाची पोळी.
ज्याला शेत नाही त्याला आधीच बोलावणं गेलेलं असतं. आमच्या रानात शाळेचे मास्तर, पोस्टमन, दवाखान्यातल्या सिस्टर, सगळे यायचे. बाबा बांधावर उभे राहून रस्त्यानं जाणाऱ्याला हाका मारायचे, “ओ पाहुणं, आंबील पिऊन जा!” ओळख असो नसो. लाज वाटायची मला तेव्हा. आता बाबा नाहीत, भाऊ हाका मारतो, अगदी त्याच आवाजात.

भाकरतुकडा
निंबोणीताई, भज्जी म्हणजे भजी का?

निंबोणी
नाही नाही. तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे ओले दाणे, हरभरा, मेथी, चाकवत, गाजर, हाताला लागेल ते सगळं आणि बेसन लावून आंबट ताकात शिजवायचं. रेसिपी वेगळ्या धाग्यात टाकते, इथं भांडणं होतील, प्रत्येक घराची वेगळी असते.

नांगरट
मला सणाचं नाही लिहायचं.
वडील गेले तेव्हा मी पुण्याहून पोचेपर्यंत अंगण माणसांनी भरलं होतं. आमच्यात दहनाच्या दिवशी घरात चूल पेटत नाही. शेजारचे भाकरी-पिठलं घेऊन येतात, कडू घास म्हणतात. आमचा आणि मळ्याशेजारच्यांचा बांधावरून वाद, कोर्टात तारखा चालू, आठेक वर्षं बोलणं बंद. पहिली पाटी त्यांच्या घरून आली. काकूंनी आईच्या पुढ्यात बसून भाकरी मोडली आणि स्वतःच्या हातानं घास भरवला. आई खात नव्हती कुणाच्या हातून, त्यांच्या हातून खाल्ला.
केस अजून चालू आहे. तारखेला आम्ही दोघं एकाच जीपनं तालुक्याला जातो.

ओसरीवरची
नांगरट दादा, वाचून काही सुचेना. आईंना नमस्कार सांगा.

रानपाखरू
+1. डोळ्यात पाणी आलं.

गोदाकाठ
आमच्याकडं पण तसंच. लग्नाला नाही गेलं तरी चालतं, मयतीला गेलंच पाहिजे असं म्हणतात.

झाडीबोली
बाप्पा, काय आठवण काढून दिली! आमच्या भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडं दिवाळी झाली की मंडई. भाऊबीजेपासून रोज कोण्या ना कोण्या गावची मंडई असते. घरोघरी पाहुणे, लेकी-जावई. दिवसा बाजार, पाळणे, आणि रात्री नाटक. झाडीपट्टीचं नाटक रात्री उशिरा सुरू होते आन् उजाडल्यावरच संपते. नाटक कंपन्या वडश्याच्या, म्हणजे देसाईगंजच्या. हिवाळाभर गावोगावी प्रयोग.
बाया घोंगडी, ब्लँकेट, लहान लेकरं घेऊन पुढं जागा धरून बसतात. मधात लेकरू झोपलं की बाजूची बाई मांडीवर घेते, तिच्या मांडीवर कोणाचं लेकरू हाये ते तिलेही माहीत नसते. मी अशीच कोणाच्या तरी मांडीवर झोपून मोठी झाली.

एसटीप्रवासी
हे बघायलाच पाहिजे. तिकीट असतं का?

झाडीबोली
हो ना, तिकीट काढूनच. आन् हाऊसफुल जाते, उशिरा आले तर मागं उभं राहा लागते.

सासुरवाशीण
पटकन लिहिते, कुकर लावलाय. जळगावकडची आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवीचा सण. रोटाचे (नैवेद्याचे) गहू भाऊबंदकीतल्या सगळ्या घरांतून मोजून येतात. वर्षभर तोंड न बघणाऱ्या जावा त्या दिवशी एका परातीत कणीक मळतात. रात्रभर जागरण, गाणी, सोमवारी विसर्जन.
लग्नानंतर पहिल्या वर्षी मला कुणाचंच नाव माहीत नव्हतं. चुलतसासूबाईंनी मला जवळ ओढलं आणि म्हणाल्या, नावं राहू दे, हात चालव, नावं आपोआप कळतील. शिट्टी झाली, जाते.

माळरान
आम्ही किल्लारी भागातले. 30 सप्टेंबर 1993 चा भूकंप, पहाटेचे चार वाजायला आले होते, आदल्या रात्री गणपती विसर्जन. तेव्हाचं मी फार लिहू शकत नाही. लहान होतो, आजीनं ओढून बाहेर काढलं.
पण जमण्याचा विषय आहे म्हणून सांगतो. आमचं जुनं गाव दाटीचं. दगड-मातीच्या जाड भिंती, एक घर दुसऱ्याला टेकलेलं, माळवदावरून माळवदावर जाता यायचं. आजी आणि तिची शेजारीण भिंतीतल्या कोनाड्यातून एकमेकींना विस्तव द्यायच्या, कालवण द्यायच्या. नवीन गाव लांब मोकळ्या जागेत बसलं. आखलेले प्लॉट, रुंद रस्ते, घरं सुटी सुटी. भूकंपाच्या दृष्टीनं बरोबरच आहे ते, माझी तक्रार नाही. पण ती शेजारीण गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली. आजी रोज दिवस कलताना वाटीत काहीतरी घेऊन तिच्याकडं चालत जायची. गुडघे दुखायचे, तरी जायची. आई म्हणायची, पोरासोबत पाठवा वाटी. आजी म्हणायची, वाटी पोचवायची नाही मला, बसायचंय.

रानपाखरू
माळरान 🙏

वाडीतला
पोचलो घरी. माळरानचं वाचून शिमग्याचं लिहावंसं वाटत नाही आता, उद्या लिहितो.

धुक्याचा घाट
सगळं जुन्या काळाचंच लिहिताय. मी कोरेगाव तालुक्यातला (सातारा). 2016 ला वॉटर कपचं, म्हणजे गावागावांतल्या जलसंधारणाच्या स्पर्धेचं, पहिलं वर्ष आमच्या तालुक्यात होतं. कोरेगाव, वरूड आणि अंबाजोगाई असे तीनच तालुके. पहाटे टिकाव, फावडी, घमेली घेऊन माळावर, समतल चर खणायचे. पहिल्या दिवशी मोजकीच डोकी. मग बायका आल्या आणि त्यांना बघून गडी आले. मधे जे पुढाऱ्यांचे गट होते, एकमेकांच्या दारात पाय न ठेवणारे, ते एकाच चरात. घमेलं द्यायला हात पुढं करावाच लागतो, समोरचा कुठल्या पार्टीचा आहे ते बघायला वेळ कुणाला?
चर खणताना आमच्या वहिनी भलरी, म्हणजे शेतात काम करताना म्हणायची गाणी, म्हणायच्या. त्यांना येते हेच घरात कुणाला माहीत नव्हतं. सासूबाईंकडून शिकल्या होत्या म्हणे, खुरपणीला.
तर जमतात माणसं अजून. काम काढावं लागतं.

काकवी
हे भारी. भलरी रेकॉर्ड करून ठेवा हो, म्हणणाऱ्या फार राहिल्या नाहीत.

धुक्याचा घाट
केलीय थोडी मोबाईलवर. वाऱ्याचा आवाजच जास्त आहे.

भाकरतुकडा
2020 च्या लॉकडाऊनमध्ये आम्ही मुंबईहून गावी गेलो तर गावच्या शाळेत 14 दिवस ठेवलं. लोक मुंबईकरांना घाबरायचे, साहजिक होतं. गेटला कुलूप नव्हतं पण कुणी आत यायचं नाही, आम्ही बाहेर नाही. संध्याकाळी भिंतीवर डबे ठेवलेले असायचे. कुणी ठेवले कळायचं नाही, पण डब्यावर नावं कोरलेली असतात ना आपल्याकडं, लग्नात मिळालेल्या भांड्यांवर! त्यावरून कळायचं. आई प्रत्येक डबा वाचून म्हणायची, ही अमक्याची सून, हिचं माहेर तमकं. चौदा दिवसांत मला सगळा गाव डब्यांवरून पाठ झाला.

सासुरवाशीण
किती गोड! आणि डबा रिकामा परत द्यायचा नाही.

भाकरतुकडा
तेच तर! आमच्याकडे शाळेत द्यायला काय असणार? आईनं मैदानातल्या झाडाच्या चिंचा भरून दिल्या.

रानपाखरू
सप्त्याचं कुणीच लिहिलं नाही? आमच्या गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस जमिनीला टेकू द्यायचा नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. रात्री दोन ते चारचा पहारा कुणालाच नको असतो. तो आमच्या गावात टेलरकाका आणि सलूनवाले काका घ्यायचे, दरवर्षी, न सांगता. दोघंही दिवसभर दुकान उघडं ठेवून. मी दहावीला असताना अभ्यास करत जागा असायचो, वीण्याचा आवाज ऐकू यायचा. त्यांना चहा नेऊन द्यायचं काम माझ्याकडं आलं ते असंच.

गोदाकाठ
काल्याच्या कीर्तनानंतरची पंगत! पोरांना वाढायला घ्यायचे त्याचा काय अभिमान. मला फक्त मीठ वाढायला द्यायचे, बुंदीची बादली मोठ्या पोरांकडं.

निंबोणी
मीठवाल्याला सगळ्यांची तोंडं दिसतात, बुंदीवाला पळत असतो. मीठच बरं.

जाईची वेल
विषय सोडून विचारते, ओसरीवरची, पितळी सोऱ्या कुठं मिळेल? माझ्या ॲल्युमिनियमच्या साच्याचं हँडल चीक दाबताना वाकलं.

ओसरीवरची
पुण्यात असाल तर तुळशीबागेत बघा. पट्टी फिरवून दाबायचा घ्या, आणि चकती नीट बसते का ते तिथंच बघून घ्या. चीक पातळ नको, घट्ट पण नको. करणार कधी आहात? वरच्या काकूंचा अजून एक घाणा बाकी आहे, रविवारी मी मदतीला जातेय. जवळ राहत असाल तर या, खरंच.

जाईची वेल
कोथरूड. येते! व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

एसटीप्रवासी
झाडीबोली ताई, मंडईला यायचं तर कुठं उतरायचं? भाऊबीजेनंतर चार दिवस सुट्टी आहे.

झाडीबोली
वडसा स्टेशनला उतरा, गोंदिया-बल्लारशा लाइनवर हाये. थंडी लय असते, घोंगडी आणा. जेवणाची काळजी करू नका, मंडईत आलेल्या पाहुण्याले कोणी उपाशी जाऊ देत नाही.

वाडीतला
मी पण येतो. आणि शिमग्याचं उद्या नक्की लिहितो.